मिडियमचं पोट

कारखान्यात मला कुणी नावाने हाक मारली तर मी मान वळवूनही बघत नाही. मला वाटतं दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. तिथे मी मिडियम. "मिडियम, चहा आला." "मिडियम, मास्तर बोलावताहेत." नवीन आलेल्या मुलींना वाटतं हे आडनाव आहे, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

आमच्याकडे बायकांचे गणवेश शिवतात. इस्पितळं, हॉटेलं, शिक्षणसंस्था, जिथे म्हणून बायकांना सारखे कपडे घालून कामाला उभं करतात, तिथे आमचा माल जातो. मी मूळची काजं करणारी, म्हणजे बटणांच्या भोकांच्या मशीनवरची. पण पहिल्याच वर्षी कटिंग मास्तरांनी माझ्या अंगाला टेप लावली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मीच त्यांना भेट म्हणून मिळाले होते. छाती, कंबर, मांडी, दंड, सगळं मधल्या मापाला सुतासारखं जुळलं. तेव्हापासून कुठलाही नवा कपडा आधी माझ्या अंगावर चढतो. हॉलच्या टोकाला एक लाकडी चौथरा आहे. मी त्यावर उभी राहते, मशीनी थांबतात, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरतात. माझ्या अंगावर बसलं की पास. मग पुठ्ठ्याचे फर्मे कापतात आणि त्या फर्म्यांवरून हजारो कपडे निघतात. शहरात कुठेही मिडियमची पॅंट घातलेली बाई दिसली की मी मनातल्या मनात म्हणायचे, बाई गं, ही माझी कंबर घालून चालली आहेस तू.

सांगायला लाज कसली, मला त्याचा माज होता.

दर महिन्याला मास्तर मला पार्सलच्या काट्यावर उभं करायचे. आकडा तोच. मुलं मोठी झाली, केस पांढरे झाले, पाळी गेली, पण काटा जागचा हलला नाही. माझ्या वयाच्या बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत वजनाच्या तक्रारी करायच्या तेव्हा मी डब्यातला गोड पदार्थ सावकाश संपवायचे. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण, चेकिंगच्या टेबलावर असतात. त्यांचा तर नुसता जळफळाट व्हायचा.

"वहिनी, तुमच्या पोटात जातं तरी कुठे सगळं?"

"आमचं अंगच तसं," मी म्हणायचे. आणि चहात आणखी एक चमचा साखर.

आता खरं सांगायचं तर काहीतरी बदललं होतं, पण मी तिकडे काणाडोळा केला. दुपारच्या जेवणानंतर अशी झोप यायची की डोळे उघडे ठेवायला बोटांनी धरावे लागतील. संध्याकाळी गोड खाल्ल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. आणि चौथऱ्यावर नवी पॅंट चढवली की कमरेत चिमटा बसायचा.

"मास्तर, घट्ट होतंय."

मास्तर काट्याचा आकडा आठवायचे. वजन तेच, म्हणजे बाई तीच. मग दोष कापडाचा. "धुवून आटलंय मेलं," म्हणायचे. "कमरेत एक सूत सोडा." सूत म्हणजे शिंप्यांचं सगळ्यात बारीक माप, दोन दोऱ्यांच्या जाडीचं म्हणा ना. मांडीत सैल पडायचं. "शिलाई ढिली आहे, मांडीत एक सूत घ्या." पुढच्या हंगामात पुन्हा एक सूत. त्याच्या पुढच्याला पुन्हा. कुणालाच काही वाटलं नाही. सूत ते काय, नखाच्या कडेएवढं.

आणि मग एके सकाळी परिचारिकांच्या शिक्षणसंस्थेतून सगळा मिडियमचा माल परत आला. टेम्पो भरून. लार्ज बरोबर, स्मॉल बरोबर, नेमकं मिडियमच नको. सोबत निरोप होता की मुलींच्या पॅंट्स कमरेतून घसरताहेत आणि मांडीत अडकताहेत. चालता चालता एका मुलीची पॅंट वॉर्डात सगळ्यांसमोर मांड्यांपर्यंत खाली आली म्हणे.

काय गोंधळ उडाला! मास्तरांनी आधी कापडवाल्याला फैलावर घेतलं. मग कमरपट्टीच्या मशीनवरच्या बाईला. मग वन्संना, की असा माल पास झालाच कसा.

"मी फर्म्यावर ठेवून बघते," वन्सं कडाडल्या. "फर्म्याला तंतोतंत आहे. फर्माच चुकला असेल तर मी काय कपाळाने ओळखू?"

"माझा फर्मा चुकला?" मास्तरांचा आवाज चिरकला. "अहो, तो मिडियमच्या अंगावर तपासलाय!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताठ उभी. अंगाला बोट लावून दाखवा, अशी माझी ऐट. मास्तरांनी मला तडक काट्यावर चढवलं. आकडा तोच! झालं, मिडियम निर्दोष. पुन्हा कापडवाल्याचा उद्धार सुरू.

त्याच आठवड्यात मी काजं करताना मशीनवर डोकं टेकून झोपले. बोट थोडक्यात वाचलं. वन्संनी दंड धरून मला तशीच उठवली आणि डॉक्टरीण बाईंकडे नेली. मी वाटेत कुरकुर करत होते की मला काय धाड भरलीय. वन्सं म्हणाल्या, "तोंड बंद ठेवा आणि पाय उचला."

डॉक्टरीण बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल, पण बोलायला खमकी. तिने रक्त तपासायला पाठवलं, आणि ते कळल्यावर पुन्हा बोलावून मला उभी केली आणि खणातून टेप काढली.

"टेप कशाला?" मी म्हटलं. "माझं माप मला पाठ आहे." आणि आकडा सांगितला.

तिने बेंबीवरून टेप फिरवली आणि टोक माझ्यापुढे धरलं. मी बघितलं. अर्धं आयुष्य टेपच्या संगतीत गेलेली बाई मी, मला वाचायला चूक होणार नाही. टेप माझ्या आकड्याच्या चार बोटं पुढे गेली होती.

"टेप खराब आहे तुमची," मी म्हटलं.

"टेप चांगली आहे, मावशी." तिने माझ्या मांडीला, दंडाला हात लावून बघितला. "वजन तेच आहे ना? तीच तर मेख आहे. पाळी गेल्यावर अंगातला मसल कमी होत जातो आणि चरबी वाढते, तीही पोटावर, आत, आतड्यांच्या आसपास. एक उणे, एक अधिक. काट्याला बेरीज तेवढीच दिसते. काट्याला काय कळतंय आत काय आहे ते!"

मग तिने साखरेचं सांगितलं. आपण खाल्लं की रक्तात साखर येते, आणि इन्सुलिन अंगाला हाक मारतं की घ्या रे ही आत. सगळ्यात जास्त साखर घेतो तो मसल. तो कमी झाला, आत चरबी साचली, की अंग हाकेला ओ देईनासं होतं. मग इन्सुलिन आणखी मोठ्याने ओरडतं. आणखी ओरडतं. साखर तोवर रक्तात ताटकळत बसते. शेवटी ओरडणारा थकतो, आणि मग खरा मधुमेह.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," मी म्हटलं. "पूर्वी एका हाकेत उठायचे. आता चार हाका माराव्या लागतात."

ती हसली. "अगदी तसंच. तुमची साखर अजून हद्दीच्या अलीकडे आहे. ओरडणारा अजून थकलेला नाही. पण लक्ष दिलं नाहीत तर थकेल."

मी हसले खरी, पण माझ्या डोळ्यांसमोर माझी थोरली बहीण होती. ताईने असंच चालायचंच म्हणत वर्षं काढली. आता रोज पोटात सुई टोचून घेते, आणि डोळे इतके अधू झालेत की मला आवाजावरून ओळखते. मला भीती वाटली. चांगलीच वाटली.

"मग उपाशी राहू का?"

"खबरदार! उपाशी राहिलात तर उरलासुरला मसलही जाईल. वजन उचला, पायांना काम द्या, जेवण झालं की बसू नका, चाला. डाळी, अंडी, भाज्या पोटभर खा. गोड मात्र कमी. काट्याकडे बघू नका, टेपकडे बघा."

बाहेर आले आणि तिथेच पायरीवर बसले. कारण तोवर दुसरी गोष्ट डोक्यात शिरली होती. कापड आटलं नव्हतं. शिलाई ढिली नव्हती. त्या बिचाऱ्या पोरीची पॅंट वॉर्डात घसरली ती माझ्या पोटापायी. हजारो पॅंट्सना माझं पोट शिवलं होतं आम्ही.

"वन्सं," मी म्हटलं, "मिडियम चुकलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कमरेकडे. आणि जी काही हसत सुटली ती बाई! रस्त्यावरची माणसं थांबली. शेवटी मलाही हसू फुटलं, पण माझ्या हसण्यात थोडं रडू होतं. मिडियम नसले तर त्या हॉलमध्ये मी कोण? काजंवाली. चौथऱ्यावर दुसरी कुणीतरी उभी राहणार आणि मी मशीनीमागून मान वर करून बघणार.

तरी मास्तरांना सांगितलं. लपवून काय करणार, माल पुन्हा परत आला असता. मास्तरांनी स्वतःच्या हाताने टेप लावली. एकदा, दोनदा. मग खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "सूत सूत करत," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली.

मी चौथऱ्याचा निरोप घ्यायच्या तयारीत होते, तर दुसऱ्या दिवशी मालकीणबाई नाचतच आल्या. एका मोठ्या धुलाई केंद्रातून फोन आला होता. तिथे सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायका. त्यांनीही मिडियमच नेलं होतं, आणि म्हणे जन्मात पहिल्यांदा पॅंट अशी बसलीय की वाकलं तरी कमरेत काचत नाही आणि मांडीत झोळ पडत नाही. त्यांना आता सगळंच हवं होतं. कोट, एप्रन, थंडीची जाकिटं. पुढची कितीतरी वर्षं.

"या बायकांचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं!" मालकीणबाई म्हणाल्या. "शिक्षणसंस्थेसाठी कोवळी मुलगी बघू. पण या कामाला आमची मिडियमच." मग माझ्या पोटाकडे असं बघितलं की तसं प्रेमाने आमच्या ह्यांनीही कधी बघितलं नाही. "जसं आहे तसंच ठेवायचं हं. एक सूतही इकडे तिकडे नको."

मास्तर तर त्या दिवसापासून माझ्या पोटाचे पालकच झाले. दुपारी चहा आला की स्वतः साखर घालून देणार. जिन्यात गाठ पडली की, "धावपळ करू नका." मी कापडाचा गठ्ठा उचलला तर कुणालातरी हाक मारून तो काढून घेणार. आणि मी? मी दोन्हीकडून हो म्हणत बसले. डॉक्टरीण बाईंना म्हटलं चालायला लागते, आणि मास्तरांच्या हातचा चहा पीत राहिले. चौथऱ्यावर उभी राहिले की मशीनी थांबायच्या, सगळ्या बघायच्या, आणि मला ते सोडवत नव्हतं. एका बाजूला चौथरा, दुसऱ्या बाजूला ताईची सुई. रात्री कूस बदलत राहायचे. ह्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, झोपा."

रविवारी ताईकडे गेले. ती सुई भरत होती. तिला रेषा दिसेना, म्हणून माझ्याकडे दिली. "तुझे डोळे चांगले आहेत, तू बघ." मी बघून दिली. तिने सहज टोचून घेतलं आणि विचारलं, "तुझं कसं चाललंय? तू काय बाई, मिडियम." तिच्या आवाजात केवढा अभिमान होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिथून हलेना.

सोमवारी जाकिटाची ट्रायल होती. मी चौथऱ्यावर चढले. मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या. मी म्हटलं, "मास्तर, थांबा. मी हे पोट घालवणार आहे."

टाचण्या खाली सांडल्या. हॉलमध्ये एकही मशीन चालू नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मास्तर म्हणाले. "अहो, अख्खं काम त्यावर उभं आहे!"

"काम पोटावर उभं आहे, पण पोटाखाली मी उभी आहे ना? उद्या माझे डोळे गेले, पाय गेले, तर मालकीणबाई देणार आहेत का दुसरे?"

"मग या बायकांचं माप कुठून आणू? बाजारातले पुतळे बघितलेत का? सगळे कोवळ्या पोरींचे. पोट असलेला पुतळा कुणी करतच नाही!"

त्यांचं खरं होतं, आणि मला त्याचा राग आला. त्या पुतळे करणाऱ्यांचाही आला. मी रागारागाने इकडे तिकडे बघितलं, तर पार्सलच्या टेबलावर खोकी बांधायच्या खाकी चिकटपट्टीच्या गुंडाळ्या पडल्या होत्या.

"हे पोट हवंय ना तुम्हाला?" मी म्हटलं. "मग ठेवून घ्या. बांधा मला."

मास्तर आ वासून बघत राहिले. पण वन्संच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी आडोशाला पडदा लावला, मला एक जुना ताणून बसणारा बनियन आणि तशीच लेगिंग घातली आणि त्यावरून पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. छातीवरून तिरपी, कमरेवरून आडवी, दोन्ही मांड्यांना वेगवेगळी, पोटावरून तर थरावर थर. मास्तर पडद्यापलीकडून सूचना देत होते, "पोट आत ओढू देऊ नका तिला! मोकळा श्वास घ्यायला लावा!"

"वहिनी, सोडा पोट," वन्सं म्हणाल्या. "आयुष्यभर आत ओढलंत, आज सोडा."

मी सोडलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग पाठीवरून आणि मांड्यांमागून कात्रीने सरळ चिरलं आणि मी त्या कवचातून बाहेर आले. चिरा जोडल्या, आत कटिंगच्या चिंध्या ठासून भरल्या, आणि स्टँडवर उभं केलं. मास्तरांनी टेप लावून बघितली. मग परत बघितली. एका सुताचाही फरक नव्हता. आम्ही सगळ्या त्या खाकी पोटाकडे बघत राहिलो. कुणीतरी हळूच जाऊन त्यावरून हात फिरवला. काजांच्या मशीनवरची नवी मुलगी म्हणाली, "अगदी माझ्या आईसारखं आहे."

तेव्हापासून चौथऱ्यावर ती खाकी पुतळी उभी असते. तिला मिडियम म्हणतात. मला पहिले काही दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मशीनी थांबायच्या आणि सगळ्या तिच्याकडे बघायच्या. मग मास्तरांची पंचाईत झाली. ती बोलत नाही ना! काखेत काचतंय का, वाकल्यावर पाठ उघडी पडते का, खिशात हात जातो का, हे तिला विचारून काय उपयोग? तेव्हा मला हाक मारतात. मी तिच्या शेजारी उभी राहते आणि तिच्या वतीने भांडते. आवाज माझा मोठाच आहे.

बाकी मग डॉक्टरीण बाईंचं ऐकायला लागले. गठ्ठे आता मी उचलते, आणि मास्तर तोंड फिरवतात. चहा बिनसाखरेचा, पहिल्या घोटाला रोज डॉक्टरीण बाईंच्या नावाने बोटं मोडते. घरी भिंतीला टेकून खुर्चीशिवाय बसायचा व्यायाम करते. पहिल्या दिवशी अशी काही कोसळले की ह्यांना वाटलं कपाट पडलं. रात्री जेवण झालं की दोघं चालायला जातो. आधी ह्यांना चार हाका माराव्या लागायच्या. आता ताटं उचलून होतात न होतात तोच ते दारात चपला घालून उभे असतात.

"एका हाकेत?" मी म्हटलं एकदा.

"हाक मारलीसच कुठे अजून?" ते म्हणाले.

परवा मास्तरांनी मला जुन्या सवयीने काट्यावर चढवलं. आकडा तोच! बरोबर तोच. मास्तरांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. "बघा, एवढा खटाटोप करून काय मिळवलंत? फुकट!"

"मास्तर, ती पॅंट द्या इकडे." मिडियमच्या अंगावरची, तिला चपखल बसलेली पॅंट मी माझ्या कपड्यांवरूनच चढवली, बटण लावलं आणि हात सोडले. ती कमरेवरून सरळ घसरली आणि माझ्या घट्ट झालेल्या मांड्यांत अडकून बसली. मास्तरांनी काट्याला एक चापट मारली. काटा हलला आणि परत त्याच आकड्यावर येऊन थांबला. नव्या तपासणीत साखरही दोन पावलं मागे सरकली आहे. डॉक्टरीण बाई म्हणाली, "हाक ऐकू यायला लागली बघा."

रविवारी ताईकडे गेले. ती मला जवळ घेऊन हातांनी चाचपत होती, दिसत नाही तर ती असंच बघते. दंड दाबला, म्हणाली, "बाई, हे काय दगडासारखं?" मग हात कमरेवर आला आणि थांबला.

"अगं, तुझं पोट कुठे गेलं?"

"कामावर," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, चिकटपट्टी, चिंध्या, स्टँड, सगळं. ताई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसता पुसता तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, जिथे रोज सुई टोचते तिथे.

"तुझ्या कारखान्यात," ती म्हणाली, "आणखी एक स्टँड आहे का गं रिकामा?"

मी तिच्या चपला शोधल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या. "जेवण झालंय ना?" मी म्हटलं. "ऊठ. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

तिने माझा दंड घट्ट धरला, आणि एका हाकेत उठली.